दळण, जिना आणि शतपावली

फिरायला जाता का, काही खेळता का, व्यायाम करता का, असं महाराष्ट्रातल्या माणसांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या एक्क्याण्णव जणांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह पाहणीचा हा भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या चौदा हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती, आणि चारही ठिकाणी चित्र साधारण असंच होतं. आपल्याकडे व्यायामावर जे लिहिलं जातं, ते बहुतेक उरलेल्या नऊ जणांसाठी असतं. कोणते बूट घ्यावेत, जिममध्ये किती वेळ द्यावा, पहाटे की संध्याकाळी, पोहणं बरं की धावणं. मला या लेखात एक्क्याण्णव जणांचा विचार करायचा आहे.

ही माणसं आळशी होती म्हणून ‘नाही’ म्हणाली, असं मला वाटत नाही. व्यायाम नावाची वेगळी गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी नव्हतीच. शरीर चालायचं ते कामाच्या ओघात. डोक्यावर डबा घेऊन गिरणीवर दळण टाकायचं आणि ते पुन्हा आणायला जायचं, खालून पाणी वर चढवायचं, शाळेत पायी जायचं, कपडे आपटून पिळायचे, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं. यातलं एकेक काम गेलं, आणि प्रत्येक काम जाण्यामागे चांगलं कारण होतं. जातं, पाटा-वरवंटा, विहिरीचा रहाट परत यावा असं जिने ते ओढलं आहे अशी एकही बाई म्हणणार नाही. पण कामं गेली तेव्हा त्यांच्या बरोबरीने जी हालचाल गेली, तिची जागा कशानेच भरली नाही. आता पीठ पिशवीतून घरी येतं, भाजी दहा मिनिटांत दाराशी येते, आणि आपण दार उघडायला उठतो तेवढंच.

याचा हिशेब आकड्यांत मांडलेला आहे. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये एक अभ्यास आला. पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ भारतीयांचं प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होतं, २०१० मध्ये ३४ आणि २०२२ मध्ये ४९. म्हणजे बावीस वर्षांत दुपटीपेक्षा जास्त. पुरुषांमध्ये ते ४२ टक्के आहे, बायकांमध्ये ५७. इथे ‘पुरेशी’ची व्याख्या फार कडक नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालण्याइतके श्रम, किंवा त्याच्या निम्मा वेळ दम लागेल असं काही. दिवसाला एकवीस-बावीस मिनिटं पडतात.

रोजच्या कामातली हालचाल हृदय राखते, हे कळलं त्याची गोष्ट मुंबईकरांना जवळची वाटावी. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर हृदयविकार इतका का वाढतो आहे याचा शोध घेत होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरची माणसं निवडली. एकाच गाडीवर, एकाच वस्तीतले, साधारण सारख्या पगाराचे दोघे जण: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर दिवसभर तिकिटं देत वरखाली करणारा. कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. एकतीस हजार पुरुषांची माहिती तपासून १९५३ मध्ये मॉरिस यांनी मांडलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि कमी जीवघेणा असतो. टपाल खात्यातही तसंच दिसलं. पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलामागच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. यावर शंका आली, की मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी ती शंका झटकली नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं मिळवली, आणि ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती असं स्वतःच छापलं. पण कंबरेच्या मापाने सगळा फरक उलगडत नव्हता. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

मुंबईच्या रस्त्यावर बेस्टची दुमजली गाडी १९३७ साली आली आणि जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची २०२३ च्या सप्टेंबरात गेली. गर्दीतून वाट काढत, तिकिटांचा चिमटा वाजवत, चालत्या गाडीत तो अरुंद वळणदार जिना चढणारा कंडक्टर दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. त्याला कुणी व्यायाम करणारा माणूस म्हटलं नसतं, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. पायरी आपण कोणत्या हेतूने चढतो याच्याशी हृदयाला काही देणंघेणं नसतं.

मॉरिस यांच्यानंतर अर्ध्या शतकाने अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी हाच धागा वेगळ्या टोकाने उचलला. सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातलं. एकाच्या अंगावर जेमतेम पाव-अर्धा किलो चरबी चढली, दुसऱ्याच्या चार किलोंहून जास्त. फरक व्यायामाने पडला नव्हता, तो कुणीच वाढवला नव्हता. ज्यांचं वजन फारसं वाढलं नाही ती माणसं नकळत जास्त हलत होती. उठत होती, येरझाऱ्या घालत होती, बसल्या जागी चुळबुळत होती. लहानपणी ‘एका जागी बस जरा’ म्हणून ज्यांना दटावलं गेलं, ती हीच मुलं असावीत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. हालचाल वाढवली की वजन उतरेल, या आशेवर सुरुवात करणारे लोक महिन्याभरात थांबतात, कारण काटा हलत नाही. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांची रोजची ऊर्जा मोजली. ही शिकार आणि कंदमुळांवर जगणारी, दिवसभर पायपीट करणारी जमात. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा एकूण खर्च शहरात बसून काम करणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर चालण्यावर जास्त खर्च करतं तेव्हा दुसरीकडे कुठेतरी हात आखडतं, असं त्यांचं म्हणणं आहे. ते किती अंशी खरं यावर वाद चालू आहे. पण वजन हा आपला मापदंड नसावा, एवढं तरी त्यातून घ्यावं, विशेषतः आपण भारतीयांनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के होती, याज्ञिकांच्या २१ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा हा भारतीय देह. त्याच्यासाठी काट्यावरचा आकडा दिलासा देणारा असला तरी पुरेसा नाही. त्याला स्नायू हवेत, आणि ते रोज कामाला लागलेले हवेत.

मग किती हलायचं? दहा हजार पावलं हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते प्रयोगशाळेतून आलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून जगभर गेला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी जवळपास सतरा हजार वयस्क अमेरिकन बायकांना, सरासरी वय बहात्तर, यंत्रं लावून चार-साडेचार वर्षं मागोवा घेतला. रोज २७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यू ४१ टक्के कमी होते. साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. दोन हजारांवरून चार हजारांवर जाण्यात जी कमाई आहे, ती आठ हजारांवरून दहा हजारांवर जाण्यात नाही. सगळ्यात कमी हलणाऱ्या माणसासाठी ही केवढी आनंदाची बातमी आहे, आणि ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण दहा हजार ऐकूनच तो सोफ्यावर परत बसलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपले नियम बदलले, त्यातही सगळ्यात महत्त्वाचा बदल फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. सलग दहा मिनिटं केलेली हालचालच मोजायची, ही जुनी अट काढून टाकली. आता जिन्याचं एक मिनिटही मोजलं जातं. दोन वर्षांनी सिडनीच्या इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला आधार दिला. ब्रिटनमधल्या पंचवीस हजार लोकांच्या मनगटावर यंत्रं होती आणि त्यांपैकी कुणीच व्यायाम करत नव्हतं. त्यांच्या दिवसात एक-दोन मिनिटांचे जोरकस तुकडे सापडले: बस पकडायला धावणं, सामान घेऊन चढ चढणं. दिवसाला असे तीन तुकडे असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी दिसलं. अशा अभ्यासांत एक अडचण कायम राहते, की जो आजारी आहे तो मुळातच बस पकडायला धावत नाही. संशोधक आधीच आजारी असलेल्यांना वगळून पाहतात, तरी ती शंका पूर्ण फिटत नाही. म्हणून मी चाळीस टक्के हा आकडा उराशी धरून बसणार नाही. दिशा मात्र सगळ्या अभ्यासांत तीच आहे.

आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेत पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला लिफ्ट लागते, म्हणून जुन्या सोसायट्या तळमजला आणि वर चार मजले अशा थांबल्या. त्या बिनलिफ्टच्या इमारतींत म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, हे मी जवळून पाहिलं आहे, आणि लिफ्ट बसवायला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी कधी उभं राहणार नाही. पण धडधाकट माणसाला जिना सापडायला तरी हवा. नव्या टॉवरांत तो आगीच्या दारामागे, अंधारा, खोकी आणि जुन्या सायकलींनी भरलेला असतो. दोन मजले चढायची इच्छा असलेला माणूसही तिथे जात नाही. सोसायटीच्या सभेत रंगकामावर दोन तास बोलणाऱ्या मंडळींनी जिन्यातल्या दिव्यांवर पाच मिनिटं दिली, तर रोज किती पायऱ्या चढल्या जातील!

शतपावलीबद्दल मला विशेष प्रेम आहे. रात्री जेवून अंगणात, गच्चीत, नाहीतर लांबलचक गॅलरीत फेऱ्या मारणं, त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. शब्दशः धरलं तर शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर. पण खरी शतपावली मोजून कुणी घालत नसे. गप्पा संपेपर्यंत ती चालायची. न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या एक्केचाळीस जणांना एका टप्प्यात दिवसातून कधीही अर्धा तास चालायला सांगितलं, आणि दुसऱ्या टप्प्यात तोच अर्धा तास प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं असा वाटून दिला. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी चढली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. अभ्यास लहान आहे, पण कारण समजण्यासारखं आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की रक्तातली साखर आत घ्यायची दारं तो स्वतःच उघडतो. त्या वेळी त्याला इन्सुलिनच्या हाकेची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनची हाक ज्यांच्या स्नायूंना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तर हे आडवाटेने मिळालेलं औषधच आहे. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि शहरातली घरं रात्री नऊ-साडेनऊला, भात-पोळीचं पोटभर जेवून, टीव्हीसमोर बसतात. एका बदलाचीच निवड करायची झाली तर मी हाच सुचवेन.

जमिनीवर बसण्याचंही तसंच. ब्राझीलमधल्या क्लाउदियो गिल आराउजो यांची चाचणी साधी आहे: आधार न घेता जमिनीवर बसा आणि उठा. पन्नास ते ऐंशीतल्या दोन हजार लोकांत, ज्यांना हात-गुडघे टेकल्याशिवाय जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू कितीतरी जास्त झाले. बसून उठल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. मांड्यांतली ताकद, तोल, सांध्यांचा लवचीकपणा हे सगळं एकाच कृतीत दिसतं, एवढाच. पाटावर बसून जेवणाऱ्या घरात ही परीक्षा रोज दोनदा व्हायची. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि दिवसातून एकदाही जमिनीपर्यंत न जाणारी पिढी तयार झाली. ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत त्यांनी मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. पण तिशीतल्या माणसाने भाजी निवडायला, मुलाशी खेळायला, कपड्यांच्या घड्या घालायला खाली बसावं.

आता या प्रश्नाची मला सर्वांत जास्त टोचणारी बाजू. हालचाल चांगली, मग कष्ट करणारे सगळ्यात निरोगी असायला हवेत. तसं नाही. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि नेदरलँड्समधले त्यांचे सहकारी यांनी जवळपास दोन लाख लोकांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं. फावल्या वेळातली हालचाल तारते आणि तासन्‌तास ओझं उचलणं झिजवतं, कारण तिथे थांबण्याचा अधिकार नसतो. पहाटे चारला फडात उतरून दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणाऱ्या बाईला ‘रोजच्या जीवनात हालचाल वाढवा’ हे सांगायचं धाडस कुणी करू नये. तिला विश्रांती हवी, पोटभर अन्न हवं, पाळीच्या दिवसांत सुट्टी हवी.

आणि घराच्या आत? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात असं निघालं. पुरुषांची ८८, आणि तीसुद्धा घरकाम करणाऱ्या पुरुषांची. दिवसात काहीही घरकाम न करणारेच बहुसंख्य आहेत. तरीही पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत बायका जास्त. कारण त्या पाच तासांतला बराचसा वेळ ओट्यासमोर एका जागी उभं राहण्यात जातो. पाय सुजतात, पण दम लागत नाही. दुसरीकडे पुरुष हालचालीसाठी पैसे भरून जागा शोधतात. लादी पुसणं, पंखे पुसणं आणि जळमटं काढणं, गाद्या उन्हात टाकणं, दळणाचा डबा आणणं ही दम लावणारी कामं पुरुषांनी उचलली आणि त्यातून मोकळा झालेला अर्धा तास बाईला बाहेर चालायला मिळाला, तर दोन माणसांचं आरोग्य एका वाटणीत सुधारेल. तब्येतीचे सल्ले देणाऱ्या एकाही डॉक्टरने हे चिठ्ठीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. लिहायला हवं.

कार्यालयांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उंच टेबलांची फॅशन आली, पण नुसतं उभं राहिल्याने तासाला आठ-नऊ कॅलरीच जास्त जळतात. उभं राहणं म्हणजे हलणं नव्हे. पाणी लांब ठेवावं, फोनवर बोलताना चालावं, शेजारच्या विभागात मेल पाठवण्याऐवजी जाऊन यावं. दहा लाख लोकांच्या माहितीवरून असंही दिसलं आहे, की दिवसाचे आठ तास बसण्याचं नुकसान भरून काढायला साधारण तासभर झपाझप चालणं लागतं. तो तास बैठ्या नोकरीच्या माणसाला मिळू शकेल असा एकच भाग दिवसात उरतो: येण्याजाण्याचा.

लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरच्या कारखान्यांतले कामगार आणि त्यांची गावाकडची भावंडं यांचा एक अभ्यास आहे. खासगी गाडीने कामावर जाणाऱ्यांतले निम्मे लोक जास्त वजनाचे होते. चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांत हे प्रमाण पावाच्या आसपास. बस-रेल्वेवाले मधोमध. तेही साहजिक आहे, कारण स्टॉपपर्यंत पायीच जावं लागतं. मुंबईची लोकल माणसाला पिळून काढते, तरी पूल चढायला आणि स्टेशनापासून चालायला लावते. पुण्याची गोष्ट जास्त दुःखाची. सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात २०१८ मध्ये वाहनांची संख्या माणसांच्याही पुढे गेली.

चालणाऱ्याला रस्ता मात्र राहिलेला नाही. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मारले गेले, रोज जवळजवळ नव्वद. अशा देशात ‘चालत जा’ हा सल्ला देणाऱ्याने आधी फूटपाथ मागायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ झाले तेव्हा तिथे म्हातारी माणसं बाकांवर बसलेली आणि मुलं खेळताना दिसू लागली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद होतो आणि माणसं मधोमध चालतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून हे सुरू आहे, आणि तिथे ते दर रविवारी होतं. मुंबईने मात्र स्कायवॉक बांधले. गाडीला खालचा रस्ता देऊन माणसाला जिना चढायला लावणं हे मला कधीच पटलेलं नाही. पंचाहत्तरीची बाई तो जिना चढू शकत नाही. ती घरीच राहते.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मंडई आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, आणि आठवड्यातून चारदा पिशवी घेऊन ती जायची. भाव करायची, दोन ओळखीच्या बायकांशी बोलायची, कोथिंबीर वरून मागून घ्यायची. मग केबलसाठी पदपथ खणला आणि वर्षभर तसाच राहिला. एकदा तिचा तोल गेला. लागलं काहीच नाही, पण ती जाईनाशी झाली. आम्ही फोनवरून भाजी मागवू लागलो आणि सोय झाली म्हणून खूश होतो. आठ महिन्यांनी ती जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरते हे माझ्या लक्षात आलं. गुडघ्यांचे फोटो काढले. वयाच्या मानाने ठीक आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात पदपथाचा बँकेपर्यंतचा तुकडा दुरुस्त झाला. पेन्शनच्या दिवशी ती बँकेत चालत जाते, मधल्या ओट्यावर टेकते, परत येते. बँकेच्या पुढचा रस्ता तसाच आहे. मंडई तिथून आणखी सहा मिनिटांवर.